विरजण आणि यकृताचे रक्षण

दह्यातील जीवाणू पोटाला हितकर असतात, ही समजूत आपल्या देशात जुनीच आहे. अलीकडे ‘प्रोबायोटिक’ या नावाने असेच जीवाणू पुड्यांतून आणि बाटल्यांतून विकले जातात, आणि त्यांच्या सेवनाने यकृताचेही रक्षण होते असे सांगितले जाते. या म्हणण्याच्या मुळाशी खरे शास्त्र आहे. परंतु मूळ खरे आहे, म्हणून त्यावर उभारलेला प्रत्येक दावा खरा मानावा असे मात्र नव्हे.

आतडी आणि यकृत यांचा संबंध रक्ताचा आहे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त जठर, आतडी, प्लीहा इत्यादी अवयवांतून फिरून एका मोठ्या शिरेने त्याच्याकडे येते. या रक्तातून अन्नरस येतो, तशीच आतड्यांतील जीवाणूंनी निर्माण केलेली द्रव्येही येतात. यकृत हे जणू शरीराचे जकातनाके होय. तपासणी झाल्याखेरीज माल पुढे जात नाही.

हे नाके चुकविल्यास काय होते, हे रशियातील प्रयोगांनी दाखविले. १८७७ साली निकोलाय एक याने कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून या शिरेतील रक्त यकृताला वळसा घालून परस्पर हृदयाकडे नेले. १८९३ साली पावलॉव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, अशा कुत्र्यांना मांस खाऊ घातल्यास त्यांना गुंगी आणि झटके येतात. आतड्यांतील जीवाणू प्रथिनांपासून अमोनिया तयार करतात आणि निरोगी यकृत त्याचे निरुपद्रवी युरियात रूपांतर करते, हे पुढे स्पष्ट झाले. यकृत आक्रसून कठीण झालेल्या रोग्याला भ्रम व गुंगी येते, त्याचेही एक प्रमुख कारण हेच आहे.

आतड्यांत कुजणाऱ्या अन्नातील विषांमुळे माणसाचे आयुष्य घटते आणि आंबविलेल्या दुधातील जीवाणू त्यांना आवर घालतात, असे मत विसाव्या शतकाच्या आरंभी मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने मांडले. १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल, दह्याबद्दल नव्हे. दीर्घायुष्याचे त्याचे भाकीत सिद्ध झाले नाही. मात्र आतड्यांतील घडामोडींचे परिणाम दूरच्या अवयवांवर होतात, ही त्याची दृष्टी खरी ठरली.

१९६६ साली बिर्शर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यकृतविकारातील गुंगीवर लॅक्ट्युलोज ही साखर दिली. माणसाला ती पचत नाही. आतड्यांतील जीवाणू ती आंबवितात, आतड्यात आम्लता वाढते आणि अमोनिया रक्तात न शिरता मळावाटे बाहेर पडतो. हा उपचार आजही चालू आहे. येथे बाहेरून जीवाणू देण्यात आले नाहीत. पोटात होते त्यांचाच आहार बदलण्यात आला.

बाहेरून दिलेल्या जीवाणूंचीही परीक्षा झाली आहे. मद्यामुळे आतड्याचे अस्तर सैल होते आणि जीवाणूंची विषे यकृताकडे झिरपतात. १९९४ साली मद्य दिलेल्या उंदरांना लॅक्टोबॅसिलसचा एक वाण खाऊ घातला असता यकृताची हानी कमी झाली. चंडीगढ येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने गुंगीतून सावरलेल्या १३० रोग्यांवर केलेला सहा महिन्यांचा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. गुंगीमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाण जीवाणू घेणाऱ्यांत शेकडा सुमारे २०, तर न घेणाऱ्यांत ४२ होते. गुंगी पुन्हा येण्याच्या प्रमाणात मात्र योगायोगाची शंका फिटण्याइतका फरक आढळला नाही. निष्कर्ष आशादायक खरा. पण तो ठराविक वाणांच्या ठराविक मात्रेपुरता आणि त्या प्रकारच्या रोग्यांपुरता आहे.

जीवाणू घेऊन लाभ नाही तरी तोटाही नाही, असे म्हणणाऱ्यांनी नेदरलंड्‌समधील अनुभव ध्यानात घ्यावा. तेथे स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने आजारी असलेल्या रोग्यांना नळीवाटे जीवाणू देण्यात आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात जीवाणू दिलेल्यांपैकी शेकडा १६ दगावले; न दिलेल्यांपैकी शेकडा ६. अत्यवस्थ देहात हितकर जीवाणूही घातक ठरू शकतात.

म्हणून अन्न आणि औषध यांतील सीमा स्पष्ट राखली पाहिजे. घरोघरचे विरजण निराळे असते. त्यात कोणते जीवाणू किती आहेत, हे कोणी मोजलेले नसते. निरोगी माणसाला दही हे उत्तम अन्न आहे, आणि तेवढी योग्यता त्याला पुरेशी आहे. परंतु जी पुडी औषधाचा अधिकार सांगते, तिने औषधाची परीक्षाही दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली घालून दिलेल्या मार्गदर्शक नियमांत जीवाणूचा नेमका वाण आणि जिवंत जीवाणूंची संख्या वेष्टनावर नोंदविण्याची अपेक्षा आहे. ग्राहकाने वेष्टनावर प्रथम हेच पाहावे.

डोळे पिवळे झालेल्या किंवा पोटात पाणी साचलेल्या माणसाने पुडीच्या भरवशावर घालविलेले दिवस परत मिळत नाहीत. यकृताच्या रक्षणाचे निश्चित मार्ग आजही साधेच आहेत: मद्य वर्ज्य करणे, ‘ब’ प्रकारच्या काविळीची लस घेणे आणि वेळीच वैद्याकडे जाणे. जीवाणूंचे शास्त्र या मार्गांना उद्या जोड देईल. त्यांची जागा घेण्याचा अधिकार त्याने अद्याप मिळविलेला नाही.