हळदीचा भाव छापता तसं ऑपरेशन छापा

मागच्या मार्चमधली गोष्ट. सकाळी साडेनऊला आप्पांचा साताऱ्याहून फोन आला. माझी ऑफिसची मीटिंग सुरू व्हायला पाच मिनिटं होती. आप्पांनी विचारलं, "वढ्याकडची धा गुंठं काढली तर किती येतील रं?"

आप्पा जमीन विकायचा विषय स्वतःहून काढणाऱ्यातले नाहीत. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठीसुद्धा त्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं, पण बांधाला हात लावू दिला नाही. मी म्हटलं, "कशाला?" ते म्हणाले, "ग्रुपवर बघ. दादाच्या डोक्यावर इलाज सापडलाय."

फॅमिली ग्रुपवर पेपरचं एक कात्रण होतं. मोठ्या शहरातलं मोठं हॉस्पिटल, पांढऱ्या कोटातले तीन डॉक्टर, मधे हसणारा पेशंट. असह्य डोकेदुखी, मेंदूत बसवलेला 'पेसमेकर' आणि मथळ्यात 'कायमची मुक्ती'. खाली अकरा नातेवाइकांचे हात जोडलेले इमोजी. हा लेख त्या कात्रणाबद्दल आहे. त्या ऑपरेशनविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण ते ज्या पद्धतीने छापलं जातं त्याच्याशी आहे.

आधी दादाबद्दल सांगतो. तो सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघतो. हळदीचे सौदे जोरात असतात त्याच दिवसांत त्याचं दुखणं सुरू होतं. रात्री दोनच्या ठोक्याला जाग येते, आणि उजव्या डोळ्यामागे कुणीतरी तापलेली सळई फिरवतंय असं वाटतं. डोळा लालभडक होतो, पाणी वाहतं, पापणी खाली येते, त्याच बाजूची नाकपुडी गळायला लागते. तो पडून राहू शकत नाही. विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये हॉल ते स्वयंपाकघर अशा येरझारा घालतो, भिंतीवर डोकं आपटतो. तासाभराने बटण बंद केल्यासारखं सगळं थांबतं. दुसऱ्या रात्री दोनला पुन्हा तेच. असे सहा-आठ आठवडे जातात, आणि मग वर्षभर काही नाही.

निदान व्हायला साडेसहा वर्षं लागली. तोपर्यंत दोन चांगल्या दाढा काढून झाल्या होत्या. सायनसचं ऑपरेशन झालं होतं. चष्म्याचा नंबर तीनदा बदलला होता. अर्धशिशीच्या गोळ्या झाल्या, एका देवऋषाचा अंगारा झाला. आमच्याकडे कुठलंही दुखणं निघालं की पहिला प्रश्न असतो, "मिरजेला दाखवलं का?" तेही झालं होतं. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टने एकच साधा प्रश्न विचारला, "दुखतं तेव्हा अंधारात पडून राहावंसं वाटतं, की फिरत राहता?" अर्धशिशीचा माणूस पडून राहतो. क्लस्टर हेडेकचा माणूस फिरतो.

हजारात साधारण एकाला हा आजार होतो. म्हणजे सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मिळून काही हजार माणसं असणार. त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्या दुखण्याचं नावही माहीत नसेल. पण डोकेदुखीवर ऑपरेशन झाल्याची बातमी मात्र त्यांच्यापर्यंत पोचलेली असेल.

आता कात्रणाकडे येऊ. बातमीत आजाराचं नाव धड नव्हतं. 'सुसाइड हेडेक' एवढंच होतं. आप्पा म्हणाले, "सलमानला झालतं त्येच हाय ह्ये. अमेरिकेत आप्रिशन केलं आन् बरा झाला." सलमान खान २०११ मध्ये ऑपरेशनसाठी अमेरिकेला गेला होता. त्याचा आजार ट्रायजेमिनल न्युराल्जिया. त्यालाही माध्यमांनी 'सुसाइड डिसीज' असंच नाव दिलं, वर्षानुवर्षं तेच छापलं, आणि आपल्याकडे दोन्ही आजार एकाच पोत्यात गेले. प्रत्यक्षात त्या आजारात चेहऱ्यावर विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते. ती काही सेकंद टिकते, आणि दात घासताना किंवा घास चावताना उठते. पुष्कळदा मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी नसेवर दाबत असते, ती ऑपरेशनने बाजूला करता येते, आणि बऱ्याच जणांना खरंच चांगला आराम पडतो. क्लस्टरचा अटॅक पंधरा मिनिटं ते तीन तास चालतो. त्याचं घड्याळ मेंदूत खोल हायपोथॅलॅमसमध्ये असल्याचं दिसतं. तिथे बाजूला सारायला कुठली रक्तवाहिनी नाही. रोग वेगळा, ऑपरेशन वेगळं, निकाल वेगळा. पण मथळा एकच.

आणि तो 'सुसाइड' शब्द. रात्री दोन वाजता मोबाइलवर आपला आजार शोधणाऱ्या माणसाला पहिला शब्द हाच दिसतो. क्लिक मिळवण्यासाठी वापरलेलं हे विशेषण कुणाच्या हातात पडतं, याचा विचार डेस्कवर कधी होतो का? वहिनीने त्या वर्षी दादाच्या फोनची सर्च हिस्टरी पाहिली आणि ती तीन रात्री झोपली नाही. (हे वाचताना कुणी त्या कडेवर असेल तर टेलिमानसचा नंबर १४४१६. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.)

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. कुणी म्हणालं 'सिस्टीम चालते', की आमचा पहिला प्रश्न असतो, कुठे चालते? डेमोत की प्रत्यक्षात? कितीदा चालवली आणि कितीदा पडली? आप्पांना नाही म्हणायच्या आधी मी हेच प्रश्न त्या ऑपरेशनला विचारले आणि दोन आठवडे संशोधनाचे कागद वाचले. जे सापडलं ते असं.

मेंदूत खोल इलेक्ट्रोड घालून क्लस्टर थांबवण्याचा पहिला प्रयोग इटलीत मिलानला झाला. २००१ मध्ये तो जगासमोर आला आणि रुग्णाला झालेला फायदा खरा होता. मग बेल्जियममधल्या डॉक्टरांनी सहा जणांवर तो करायचं ठरवलं. २००५ मध्ये त्यांनी निकाल छापले. काहींना चांगला गुण आला, पण एक रुग्ण मेंदूत रक्तस्राव होऊन दगावला. २०१० मध्ये फ्रान्सने नीट चाचणी घेतली. ११ रुग्ण. एक महिना यंत्र चालू, एक महिना बंद, आणि कोणता महिना कोणता हे रुग्णाला ठाऊक नाही. दोन महिन्यांत फरक दिसला नाही. पुढे सगळ्यांचं यंत्र उघडपणे चालू ठेवल्यावर ११ पैकी ६ जणांचे अटॅक निम्म्याहून कमी झाले.

दुसरा प्रकार मानेमागच्या नसेला करंट द्यायचा. यात मेंदूला हात लावावा लागत नाही. २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेली मोठी चाचणी छापून आली. १३१ जणांना दोन गटांत वाटलं, एकाला पूर्ण जोराचा करंट, दुसऱ्याला फक्त ३० टक्के. आठवड्याचे अटॅक साधारण १६ वरून ७ वर आले, पण दोन्ही गटांत सारखेच! मग गुण करंटचा, की काळाचा, की आशेचा? संशोधकांनी हा प्रश्न प्रामाणिकपणे उघडा ठेवला. आपल्या मथळ्याला तो पडतच नाही.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्याच्या जवळची आहे. एका अमेरिकन कंपनीने गालामागे बसवायचं बदामाएवढं यंत्र काढलं. अटॅक आला की रिमोट गालाला लावायचा. चाचण्यांचे निकाल बरे होते, युरोपात सातशेहून जास्त लोकांनी ते बसवून घेतलं. २०१९ मध्ये कंपनी बंद पडली. यंत्र डोक्यात तसंच राहिलं आणि ते जुळवून द्यायला कुणी उरलं नाही. त्यातला एक जर्मन रुग्ण स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर. तो रिमोटची डागडुजी स्वतःच करत राहिला. ॲपचा सपोर्ट संपला तर आपण ॲप काढून टाकतो. डोक्यातलं यंत्र कसं काढणार? 'तंत्रज्ञानाचा चमत्कार' छापणाऱ्याने बॅटरी कधी बदलावी लागेल आणि कंपनी बुडाली तर काय, हे विचारायला नको?

या सगळ्याचा अर्थ ऑपरेशन ही फसवणूक आहे असा नाही. क्लस्टरच्या दहातल्या एक-दोन जणांना आजारातून वर्षभरात सलग तीन महिनेही सुटका मिळत नाही, आणि त्यातल्याही काहींवर कुठलंच औषध चालत नाही. त्यांच्यासाठी हे ऑपरेशन शेवटचं दार आहे, आणि ते उघडं राहिलंच पाहिजे. दादा त्या रांगेत नाहीच. त्याला वर्षाचे दहा महिने काहीच होत नाही. पण बातमीत 'हे कुणासाठी' हे एक वाक्य नव्हतं, आणि त्या एका वाक्याअभावी दहा गुंठं विकली जाणार होती.

त्याहून मोठा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. दादाचा अटॅक आज कशाने थांबतो माहितीये? ऑक्सिजनने. पिशवीचा मास्क, मिनिटाला १२ लिटर, पंधरा मिनिटं. २००९ मध्ये ब्रिटनमधली चाचणी छापून आली. ऑक्सिजन घेतलेल्या ७८ टक्के अटॅकमध्ये पंधरा मिनिटांत दुखणं थांबलं किंवा पुरेसं कमी झालं, साध्या हवेने २० टक्क्यांत. हिशेब करा. एका अटॅकला १८० लिटर. दीड हजार लिटरचा छोटा सिलिंडर आठ अटॅक काढतो. जोडीला अटॅक येऊच नयेत म्हणून व्हेरापॅमिल, ब्लड प्रेशरची जुनी गोळी, अधूनमधून ईसीजी काढून. हे सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि सिलिंडरजवळ विडी-काडी न नेता. घरोघरी कोविडपासून पडून असलेलं पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर इथे कामाचं नाही, त्याला तेवढा जोर नसतो.

पहिला सिलिंडर आणायला मी आणि दादा गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "कोण सिरियस आहे का? का कोविड परत आला?" डोकेदुखीला ऑक्सिजन लागतो हे त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. तो कुठून ऐकणार? ऑक्सिजनच्या सिलिंडरची पत्रकार परिषद होत नाही. त्याच्यासोबत कुणी फोटो काढत नाही. डॉक्टरांनी जाहिरात करून रुग्ण ओढू नयेत असा २००२ चा नियम आहे. पण हॉस्पिटलची प्रेसनोट बातमी म्हणून जशीच्या तशी छापली, की नियमही राहतो आणि जाहिरातही होते.

जिल्हा आवृत्तीत काम करणारा माझा एक मित्र म्हणतो, "डेस्कवर आम्ही तिघं. रात्री अकराला पान सोडायचं. प्रेसनोट तपासायला न्यूरॉलॉजिस्ट कुठून आणू? आणि बातमी आली म्हणून लोकांना निदान कळतं तरी." पहिलं म्हणणं मला मान्य आहे. दुसरं नाही. त्या बातमीतून लोकांना काय कळलं? आजाराचं नाव नाही, लक्षणं नाहीत, साधा उपाय नाही. कळलं ते एवढंच की बरं व्हायचं तर लाखो रुपये आणि मोठं शहर लागतं. सहा वर्षं चुकीच्या दाढा काढून घेणाऱ्या माणसाला ही माहिती काय कामाची?

आणि तपासायला न्यूरॉलॉजिस्ट लागतच नाही. तुमच्याच पेपरात बाजारभावाचा रकाना असतो तो बघा. सांगलीच्या हळदीचा भाव तुम्ही कसा छापता? आवक किती, किमान भाव, कमाल भाव, सरासरी. कुणा एका शेतकऱ्याला विक्रमी भाव मिळाला तर तीही बातमी करता, पण शेजारी सरासरी असतेच. नुसता कमाल भाव 'हळदीचा भाव' म्हणून छापलात तर दुसऱ्या दिवशी यार्डातली माणसं तुमच्या ऑफिसात येऊन बसतील.

ऑपरेशनच्या बातमीत मात्र फक्त कमाल भाव असतो, हसणारा पेशंट. आवक नाही, म्हणजे अशी ऑपरेशनं किती केली ते नाही. किमान नाही, म्हणजे कुणाला त्रास झाला, कुणाचं काय बिघडलं ते नाही. सरासरी नाही. माल कोणता तेही नाही, म्हणजे कुठल्या रुग्णासाठी. हे चार आकडे प्रेसनोट पाठवणाऱ्यालाच फोन करून विचारा. दिले तर छापा. नाही दिले तर 'विचारले, सांगितले नाही' एवढं छापा. आणि खाली एक ओळ: याआधी कोणते साधे उपाय करून बघायचे असतात. एवढ्याला किती जागा लागते? इमोजी टाकणाऱ्या अकरा नातेवाइकांपेक्षा कमी.

आपणही काही कमी नाही. ते कात्रण ग्रुपवर कुणी टाकलं होतं? माझ्याच चुलत बहिणीने, बी.फार्म. झालेल्या. मीही याआधी अशी दहा कात्रणं न वाचता पुढे ढकलली असतील.

दहा गुंठं वाचली. आप्पांना समजावायला दोन आठवड्यांचं वाचन उपयोगी पडलं नाही. ते सांगलीला गेले, रात्री दोनला उठले, दादाला मास्क लावून बसलेला पाहिला आणि घड्याळ बघत राहिले. बारा मिनिटांनी दादाने मास्क काढला आणि पाणी मागितलं. आप्पा मला सकाळी फोनवर म्हणाले, "मग ह्ये का न्हाई छापत ती?"

मी हा लेख त्या प्रश्नासाठी लिहिला. मला उत्तर देता आलं नव्हतं.