क्रिएटिनीन नॉर्मल आले, पुढे काय?

घरात शुगर किंवा बीपीचा रुग्ण असला की अधूनमधून क्रिएटिनीन तपासले जाते. आकडा नॉर्मल आला की सगळे निश्चिंत होतात. आम्हाला ही निश्चिंती खटकते. किडन्यांचे जवळपास निम्मे काम थांबेपर्यंत हा आकडा अनेकांत नॉर्मलच दिसू शकतो.

असे का होते? एका किडनीत साधारण १० लाख बारीक चाळण्या असतात. हळदीच्या हंगामात हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात दहातले चार हमाल आले नाहीत, तर माल पडून राहत नाही. उरलेले सहा जण जादा पोती उचलतात. व्यापाऱ्याला फरक कळत नाही, त्या सहांच्या कमरेला कळतो. किडनीतही काही चाळण्या बंद पडल्या की उरलेल्यांतला दाब वाढतो आणि त्या जास्त रक्त गाळतात. रिपोर्ट चांगला येतो तो त्यांच्या जिवावर.

चाळणीतल्या केशवाहिन्यांना पोडोसाइट नावाच्या पेशी आपल्या बारीक पायांनी विळखा घालून बसलेल्या असतात. पायांमधल्या फटींतून पाणी आणि कचरा जातो, अल्ब्युमिन हे प्रथिन रक्तातच राहते. दाब आणि साखर वाढली की या पेशी ताणल्या जातात, काही तर सुटून लघवीवाटे निघून जातात. कातडीच्या पेशींसारख्या त्या सहजी नव्याने तयार होत नाहीत. मोकळ्या जागेतून अल्ब्युमिन गळू लागते. पुढच्या नळीतल्या पेशी ते परत ओढून घेता घेता स्वतःच आजारी पडतात, सूज आणणारे संदेश सोडतात आणि आसपासच्या पेशी चिवट तंतू विणतात. जखमेचा व्रण असतो तसाच हा व्रण. तो रक्त गाळत नाही. मग आणखी चाळण्या बंद, उरलेल्यांवर आणखी भार. आजार असा स्वतःच्याच बळावर पुढे सरकतो.

ही गळती क्रिएटिनीनच्या बरीच आधी सापडू शकते. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी, म्हणजे लॅबवाले ‘एसीआर’ म्हणतात ती, शुगर-बीपीच्या रुग्णाने वर्षातून एकदा तरी करावी. ३० च्या आत असेल तर बरे. गळती दिसली तर टेल्मिसार्टन, लोसार्टनसारखी औषधे चाळणीतला दाबच उतरवतात. सुरुवातीला त्यांनी क्रिएटिनीन किंचित वाढू शकते. घाबरून परस्पर गोळी बंद करू नये, डॉक्टरांना दाखवावे.

हळद काढणी, शिजवणी ही उन्हातली, भट्टीजवळची कामे. घाम जातो, पाणी कमी पडते, रात्री अंग दुखते म्हणून मेडिकलवरून डायक्लोफिनॅकची गोळी येते. ही गोळी किडनीकडे येणारे रक्त आखडते. पाणी कमी असताना, त्यातही वरची बीपीची औषधे चालू असताना ती रोज घेणे घातक आहे. (भाजीतली हळद खुशाल खा. पण कोणी सांगितले म्हणून हळदीची पूड चमचे चमचे किंवा कॅप्सूल महिनोन्महिने घेऊ नका. तिच्यातले ऑक्झलेट किडनीत साचल्याची उदाहरणे आहेत.)

रोज्यांचेही तसेच. किडनीचा आजार असलेल्यांनी रोजे ठेवावेत की नाही, गोळ्यांची वेळ कशी बदलावी, हे एसीआर आणि क्रिएटिनीन दोन्ही रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना विचारावे, तेही चाँद दिसण्याच्या महिनाभर आधी.