तुम्ही दुकानात नसता तेव्हा काय होतं?



ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, चांगला लीडर व्हायला काय लागतं?" बीबीएला असताना मी या प्रश्नाचं दोन पानी उत्तर लिहून चांगले मार्क घेतले होते. पण खरं उत्तर मला शिकवलं माझ्या काउंटरवरच्या मुलाने.

माझं स्टेशनरीचं दुकान. जून म्हणजे आमची दिवाळी. एका जूनमध्ये आईला अचानक ॲडमिट करावं लागलं आणि मी नऊ दिवस दुकानात नव्हतो. त्याच दिवसांत एका शाळेचा माणूस वह्यांची मोठी ऑर्डर घेऊन आला. मुलाने त्याला सांगितलं, "भाव मालकच सांगतील." मला फोन केला, तर माझा फोन बंद. तो माणूस तासभर थांबला आणि दुसऱ्या दुकानातून माल घेऊन गेला.

परत आल्यावर मी त्या मुलावर भडकलो. तो शांतपणे म्हणाला, "दादा, चार वर्षांत तुम्ही मला एकदा तरी भाव ठरवू दिलाय का?"

काय बोलणार? खरेदीचे भाव, सूट, उधारी कोणाला द्यायची, सगळं माझ्या डोक्यात. मला वाटायचं, माझ्याशिवाय दुकानाचं पान हलत नाही, म्हणजे मी किती भारी! खरं तर तीच माझी सगळ्यात मोठी चूक होती.

आता लिज्जत पापड बघा. १५ मार्च १९५९, मुंबईतलं गिरगाव. सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. प्रश्न सुटला! सुरुवातीला त्या स्वस्तातला दुसरा पापडही करायच्या. त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनलाल पारेख यांनी सांगितलं, एकच दर्जा ठेवा, हिशोब चोख ठेवा.

आज हजारो बहिणी तिथे काम करतात. मळलेलं पीठ घरी नेतात, पापड लाटून परत आणून देतात. घरी लाटताना डोक्यावर कोणी साहेब उभा नसतो. तरी काम होतं, कारण दर्जा ठरलेला आहे, आणलेला माल तपासला जातो आणि प्रत्येक बहीण संस्थेची मालकीण आहे. नफा-तोटा तिचाही आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जोरात भाषण देणारा, सगळ्यात आधी येऊन सगळ्यात उशिरा जाणारा, तो लीडर असेलच असं नाही. ज्याच्या गैरहजेरीत माणसं नीट निर्णय घेतात, तो लीडर.

मी काय केलं, ते सांगतो. एक, घाऊक मालाचे कमीत कमी भाव वहीत लिहून काउंटरला ठेवले. त्याच्या खाली जायचं नाही, वर त्याने ठरवायचं. दोन, रोज रात्री दहा मिनिटं हिशोब एकत्र बघायचा. विश्वास ठेवा, पण हिशोब सोडू नका. हिशोबाशिवाय दिलेली मोकळीक म्हणजे निव्वळ बेफिकिरी. तीन, सीझनच्या नफ्यात त्याचा वाटा ठरवला.

लगेच सगळं सुरळीत झालं का? नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्याने एका ऑर्डरमध्ये वाहतूक खर्च धरलाच नाही आणि ६४० रुपये अंगावर आले. जिभेवर आलेले शब्द मी गिळले. त्या दिवशी ओरडलो असतो, तर पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा "मालकच सांगतील" हेच ऐकायला मिळालं असतं. ते ६४० रुपये मी ट्रेनिंगची फी समजतो.

आता तुमचा होमवर्क. उद्या दिवसभरात स्टाफने तुम्हाला जे जे विचारलं, ते एका कागदावर लिहा. तुमचा स्टाफ म्हणजे बायको किंवा धाकटा भाऊ असला तरी लिहा. रात्री यादी वाचा. त्यातल्या किती गोष्टी तुमच्याशिवाय ठरू शकल्या असत्या? त्यातली एक या आठवड्यात सोडून द्या. फक्त एक.

पुढच्या व्हिडिओत भेटूच. तोपर्यंत गल्ला सांभाळा, आणि गल्ल्यावरच्या माणसालाही!