हातात चेंडू, अंगात लय

प्राथमिक शाळेतला संगीताचा तास आपल्यापैकी बहुतेकांना आठवतो तो असा : खोलीच्या कोपऱ्यात पेटी, पेटीमागे बाई आणि समोर मांडी घालून ओळीने बसलेली पन्नास मुले. बाई एक ओळ म्हणणार आणि मुले ती ओरडून परत म्हणणार. गॅदरिंग जवळ आले की पन्नासांतून दहा-बारा ‘गोड गळे’ निवडले जात आणि उरलेल्यांना सांगण्यात येई, ‘तुम्ही नुसते ओठ हलवा!’ प्रस्तुत लेखक त्या उरलेल्यांतला. त्यानंतर कितीतरी वर्षे घरच्या आरतीतही आमचा आवाज वर निघाला नाही. अशी माणसे घरोघरी आहेत. त्यांना गळा नव्हता, असे सारे मानून चालतात. त्यांच्या अंगात लय उतरवण्याचा प्रयत्न कुणी केला होता का, हे मात्र कुणी विचारत नाही.

हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका शिक्षकाने विचारला होता. एमिल जाक-दालक्रोज हे त्यांचे नाव. १८६५ मध्ये व्हिएन्नात जन्मलेले हे स्विस संगीतकार १८९२ पासून जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात शिकवू लागले. त्यांचे विद्यार्थी कागदावर स्वररचना बिनचूक लिहीत. पण लिहिलेले कानात कसे वाजेल हे त्यांना सांगता येत नसे आणि साधी लय सांभाळताना ते अडखळत. गंमत अशी, की हीच मुले रस्त्याने चालताना मात्र अगदी समलयीत पावले टाकत! दालक्रोज यांनी त्यातून सरळ निष्कर्ष काढला. लय आधी अंगात असते, मग ती कानात आणि कागदावर येते. शाळा नेमकी उलट्या टोकाने सुरुवात करते. मग त्यांनी विद्यार्थ्यांना बाकांवरून उठवले आणि पियानोच्या सुरांवर चालायला, थांबायला, वळायला शिकवले. १९११ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या हेलेराऊ येथे आणि १९१५ मध्ये जिनिव्हात या पद्धतीच्या संस्था उभ्या राहिल्या. या पद्धतीच्या वर्गांत आजही जे साधे साहित्य हटकून दिसते, त्यात चेंडू आहे.

चेंडूच का? कारण मात्रा डोळ्यांना दिसत नाही, चेंडू दिसतो. टाळीचा आवाज झाला की संपला. दोन टाळ्यांमधली जागा लहान मुलाला रिकामी वाटते आणि म्हणूनच ते घाई करते. चेंडू आपटला की तो वर येईपर्यंतचा वेळ डोळ्यांसमोर भरलेला असतो. तो वेळ लहान-मोठा करायचा तर शक्तीचा अंदाज लागतो. हातापासून एक मीटर वर उडवलेला चेंडू परत हातात यायला सुमारे ०.९ सेकंद लागतात. हाच वेळ दुप्पट करायचा तर चेंडू दुप्पट नव्हे, चौपट उंच जायला हवा! म्हणून विलंबित लय सांभाळणे द्रुतापेक्षा अवघड का, हे मुलाला कुणी समजावून सांगावे लागत नाही. त्याचा दंडच त्याला ते सांगतो. मग ते आपोआप शिकते, की संथ लयीत चेंडू उडवण्याऐवजी जमिनीवरून हलकेच घरंगळत सोडावा आणि तो बरोबर समेला समोरच्या सवंगड्याच्या हाती पोचावा.

आपल्या तालांना तर हा खेळ विशेष मानवतो. सहा मात्रांचा दादरा घ्या. मुले गोल करून बसली आहेत. पहिल्या मात्रेला चेंडू आपटायचा, दुसरीला झेलायचा, तिसरीला शेजाऱ्याला द्यायचा. चौथ्या मात्रेला खाली. तेव्हा शेजाऱ्याने तो आपटायचा नाही, आवाज न करता वर उडवायचा, पाचवीला झेलायचा, सहावीला पुढे द्यायचा. एका आवर्तनात मुलाला टाळी आणि खाली यांतला फरक कळतो, तोही ‘खाली म्हणजे काय’ ही व्याख्या पाठ न करता. पुढे तीनताल. सोळांपैकी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला चेंडू आपटायचा, नवव्या मात्रेला तो हातातच धरून ठेवायचा. त्या क्षणी अपेक्षित आवाज येत नाही आणि सगळा वर्ग कान टवकारतो. आणखी मोठ्या मुलांना रूपकाच्या तीन-दोन-दोन अशा सात मात्रा द्याव्यात. तिथे समेवरच खाली येते, हे कोडे त्यांना हाताने सोडवू द्यावे.

हे सारे परदेशातून आणलेले खूळ आहे, असे कुणी म्हणेल. त्यांनी आपल्या आजीला विचारावे. सागरगोटे वर उडवून खालचे वेचताना तिचा हात ठरलेल्या लयीतच फिरत होता. झिम्मा, फुगडी, भोंडला, शाळेच्या मैदानावरचे लेझीम ही सगळी लय अंगात उतरवण्याचीच साधने होती. आपण ती सणांपुरती आणि संमेलनांपुरती ठेवली आणि संगीताच्या तासाला मुलांना मांडी घालून गप्प बसवले.

याला आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. पहिला गोंगाटाचा. पन्नास मुले आणि पन्नास चेंडू म्हणजे शेजारच्या वर्गातले गणित बंद! त्यावर उपाय असा, की गोलाला एक चेंडू पुरतो आणि लहानांनी तो घरंगळतच द्यावा. दुसरा आक्षेप, काही मुलांना झेल जमत नाही. गळ्यावरून हिणवलेली मुले आता हातावरून हिणवली जातील. इथे शिक्षकाची खरी कसोटी आहे. ज्याला झेल जमत नाही त्याला मोठा, मऊ चेंडू द्यावा, आणि तो सुटलाच तर बाकीच्यांनी मात्रा मोजणे थांबवायचे नाही, एवढा एकच नियम ठेवावा. चेंडू सुटला तरी ताल चालू राहतो आणि पुढच्या समेला परत सामील होता येते, हे कळणे हीदेखील संगीताची शिकवण आहे. तिसरा आक्षेप सर्वांत रास्त : चेंडूने स्वर येत नाही. खरेच येत नाही. त्याला कान, रियाज आणि गुरूच लागतो. पण ज्याची लय पक्की झाली आहे, ते मूल स्वराकडे भीतीने पाहत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलांना इतर विषयांशी जोडून शिकवण्याचा आग्रह आहे. असे आग्रह कागदावर शोभून दिसतात आणि अडतात ते ‘साधने नाहीत’ या उत्तरापाशी. पेटी-तबला प्रत्येक शाळेला परवडणार नाही, हे समजू शकते. पण टेनिसचा जुना चेंडू ज्या गावात मिळत नाही, असे गाव शोधूनच काढावे लागेल. शाळांनी आठवड्यातला एक तास बाक बाजूला सारून पाहावा. शिक्षकांच्या प्रशिक्षणात या खेळांना जागा मिळावी. आणि गॅदरिंगसाठी गळे निवडण्याआधी निदान चौथीपर्यंत तरी प्रत्येक मुलाला लयीत सामील होण्याचा हक्क असावा.

शाळा जागी होईपर्यंत पालकांनी वाट पाहण्याचे कारण नाही. आज रविवार आहे. घरात एखादे संथ गाणे लावा आणि मुलासमोर जमिनीवर बसून त्याच्या ठेक्यावर चेंडू घरंगळत सोडा. पहिल्या दोन-चार वेळा तो समेआधीच पोचेल. मग मूल हात आवरते घेईल, गाण्याकडे कान देईल. तेव्हा ‘तुला गळा नाही’ हे वाक्य आपण त्याला कधीही ऐकवणार नाही, एवढे मनाशी ठरवावे.