सुरक्षा नेमकी कोणाची?

छोट्या बेटराष्ट्रांच्या सुरक्षेवर टीव्हीवर चर्चा होते ती चीन, अमेरिका आणि युद्धनौकांची. तिथल्या माणसांना कशाची भीती वाटते, हे कोणी विचारत नाही. 2018 मध्ये पॅसिफिकमधल्या देशांनी नाउरूला एकत्र येऊन सांगितले की आमच्यापुढचा सर्वात मोठा धोका हवामान बदलाचा आहे. आम्हा वांगणीकरांना हे कळायला जड नाही. जुलै 2019 मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस इथेच अडकली, तेव्हा हजारभर प्रवाशांसाठी एनडीआरएफ आणि नौदल धावून आले. देशच्या देश पाण्याखाली जाणार असेल तर कोण येणार?

पण बेटांवरची माणसे फक्त समुद्रामुळे बेघर होत नाहीत. मॉरिशस बघा. 19व्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे मराठी वंशज तिथे आजही आहेत. देशाला स्वतःचे नियमित सैन्य नाही. 1968 मध्ये स्वातंत्र्य मिळाले, पण त्याआधी 1965 मध्येच ब्रिटनने चागोस बेटे तोडून घेतली, कारण दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. 1973 पर्यंत तिथली सगळी वस्ती उठवली. ही माणसे बहुतांशी नारळाच्या मळ्यांवर आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज. ब्रिटिश सरकारने कागदावर त्यांना कंत्राटी मजूर ठरवले, म्हणजे ते मूळचे रहिवासीच नाहीत! आधी कागदावरून माणूस पुसायचा, मग जमिनीवरून. ही रीत आपल्याला नवी आहे का?

फेब्रुवारी 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनचा ताबा बेकायदा असल्याचे मत दिले. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 116 देश मॉरिशसच्या बाजूने, 6 विरोधात. भारतही बाजूने होता. सहा महिन्यांत निघून जा, असे सांगितले. ब्रिटन हलले नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी मत आणि मूल्य यातली जी विसंगती दाखवली, ती राष्ट्रांनाही लागू आहे. आमसभेत मॉरिशसचे मत एक, ब्रिटनचेही एक. मूल्य मात्र एक नाही.

आता मे 2025 चा करार. चागोस मॉरिशसचे म्हणून मान्य झाले, पण दिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षे ब्रिटनच्याच हाती. म्हणून काही मित्र हा छोट्या देशाचा विजय मानतात. आम्हाला तो अर्धाच वाटतो, आणि दोष एकट्या ब्रिटनचा नाही. दोन सरकारांनी वाटाघाटी केल्या, पण ज्यांना उठवले त्या चागोसियनांना टेबलावर खुर्ची नव्हती. इतर बेटांवर त्यांना वसवता येईल, दिएगो गार्सियावर नाही. तिथे परत राहायला जाण्याची वाट करारानेच बंद ठेवली आहे.