अंधार हा बग नाही

फोटोग्राफी शिकणाऱ्या हौशी माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: लो-लाइट सुधारायचंय ना, मग नवा फोन घे, नाहीतर मोठ्या अपर्चरची लेन्स घे. रात्रीचा फोटो काळा आला म्हणजे काहीतरी बिघडलं, हे या सल्ल्यामागचं गृहीतक. माझं भांडण त्या गृहीतकाशी आहे. रात्रीचा फोटो काळा येतो, कारण रात्र काळी असते.

आधी तंत्रज्ञानाचं श्रेय तंत्रज्ञानाला. सेन्सरवर फोटॉन पडतात ते पावसाच्या थेंबांसारखे, अनियमित. पाऊस कमी असेल तर शेजारशेजारच्या दोन वाट्यांत सारखं पाणी साठत नाही. फोटोतला नॉइज म्हणजे बराचसा हाच फरक. एकाच दृश्याच्या 16 फ्रेम घेऊन सरासरी काढली की हा नॉइज एक चतुर्थांशावर येतो. नाइट मोड मुळात हेच करतो. याला विरोध करणं म्हणजे चष्म्याला विरोध करणं.

पण नॉइज काढून झाल्यावर फोन आणखी एक काम करतो. दृश्य उजळतो. किती उजळायचं, हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. गूगलने 2018 मध्ये नाइट साइट आणलं, तेव्हा ते बनवणाऱ्यांनाही हा प्रश्न पडला होता. रात्रीचा फोटो दिवसासारखा दिसला तर बघणारा गोंधळेल, म्हणून त्यांनी 18व्या शतकातल्या जोसेफ राइटसारख्या चित्रकारांकडे पाहिलं आणि सावल्या मुद्दाम गडद ठेवल्या. म्हणजे अंधार राखता येतो. आपल्यालाच तो नको असतो. दोन फोन शेजारी धरा; ज्याचा फोटो जास्त उजळ, त्याला आपण ‘भारी कॅमेरा’ म्हणतो.

‘उजळ’ हा शब्द जरा नीट बघा. लग्नाच्या जाहिरातीत तो कातडीच्या रंगासाठी येतो, फोनमध्ये ब्यूटी मोड होऊन येतो. सावळ्या चेहऱ्याला गोरं करणारा स्लायडर आणि रात्रीची संध्याकाळ करणारा मोड, दोघांमागे समज एकच: गडद म्हणजे कमी. कॅमेऱ्याचं मीटर दृश्याची सरासरी मधल्या करड्या छटेकडे ओढतं, तो भाग यंत्राचा. त्यावर ‘क्लिअर आलाय’ म्हणून लाइक देतो, तो भाग आपला.

यात शिकणाऱ्याचं नुकसान होतं. कम्पोझिशन म्हणजे फ्रेममधून काय काढून टाकायचं याचा सराव. ग्रिड ऑन करून ‘रूल ऑफ थर्ड्स’ पाळणाऱ्यांना बहुतेक ठाऊक नसतं, की 1797 मध्ये जॉन थॉमस स्मिथने हे नाव पुस्तकात वापरलं, तेव्हा चर्चा निघाली होती ती एका चित्रात सारख्या ताकदीचे दोन उजेड नसावेत यावरून. म्हणजे रेघांच्या आधी उजेड-अंधाराची वाटणी.

रात्री हे काम अंधार फुकटात करून देतो. वडापावची गाडी घ्या. एक बल्ब, कढईवरची वाफ, झारा धरलेला हात. मागच्या वायरी आणि स्कूटर काळ्यात बुडालेल्या. नाइट मोड हे सगळं परत आणून ठेवतो, भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससकट. मग आपण म्हणतो, फोटोत मजा नाही आली.

त्यापेक्षा बल्बवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढा. फोन भिंतीला टेकवा. माणूस उजेडाकडे वळेपर्यंत थांबा. ब्रासाईने 1933च्या पुस्तकात पॅरिसची रात्र दाखवली ती धुकं, ओले रस्ते आणि भरपूर काळोख यांच्या जोरावर.

नुकसान नुसत्या फोटोंचं असतं तर एवढं भांडलोही नसतो. मे-जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजवे बघायला झुंबड उडते. झाडं काजव्यांनी गच्च भरलेले जे फोटो आपण फॉरवर्ड करतो, ते बरेचदा कितीतरी एक्स्पोजर एकावर एक रचून केलेले असतात. डोळ्यांना एका क्षणी तेवढं दिसत नाही. तसं दिसेल या आशेने लोक जातात, हेडलाइट चालू ठेवतात, टॉर्च मारतात, फ्लॅश उडवतात. फोनचा फ्लॅश झाडापर्यंत धड पोचतही नाही. काजव्याचं चमकणं ही जोडीदाराला घातलेली साद असते. आपल्या झगमगाटात ती साद समोरच्याला दिसतच नाही. प्रकाशाचा फोटो मिळावा म्हणून आपण प्रकाशाचं प्रजनन बंद पाडतो, याला छंद म्हणत नाहीत.

यंदा गेलात तर पहिली 20 मिनिटं फोन खिशात ठेवा. डोळे अंधाराला सरावायला साधारण तेवढा वेळ लागतोच. मग जेवढं दिसेल, तेवढंच टिपा. फोटो काळा आला, तर काळा येऊ दे.