नागिणीची पिले

श्रावण उजाडला, की पेण-रोहा परिसरातील रामवाडीसारख्या गावात भाताची लावणी आटोपत आलेली असते. खाचरांत पाणी तुडुंब भरलेले असते आणि बांधांवरचे गवत गुडघ्याएवढे वाढलेले असते. याच दिवसांत नागपंचमी येते. कोठे पाटावर चंदनाने नाग रेखाटतात, कोठे मातीचा नागोबा आणून पुजतात, त्यापुढे दूध-लाह्या ठेवतात. आणि मग घरातील वडीलधारी बाई कहाणी सांगू लागते. मुले भोवती बसतात. कहाणी संपली, की एखादे चौकस मूल हळूच विचारते, "मेलेली माणसे अमृताने पुन्हा उठली, हे खरे का?"

या प्रश्नाला बहुधा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. कोणी मुलाला दटावतो, की देवाच्या गोष्टीत शंका काढू नये. कोणी हसून सांगतो, की या जुन्या भाकडकथा आहेत, त्यांत काही अर्थ नाही. दोन्ही उत्तरे सारखीच उतावळी आहेत. कथेतील जादू खरी नसते, हे मुलांनाही लवकरच कळते. ती जादू कथेत कशासाठी आली आणि कोणाच्या वाट्याला आली, हा त्यापुढचा प्रश्न आहे, आणि तो मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

कहाणी बहुतेकांना ठाऊक आहे. एका शेतकऱ्याच्या शेतात नागिणीचे वारूळ होते. नांगर धरता धरता त्याच्या फाळाने वारूळ फुटले आणि आतली पिले मेली. नागीण परत आली, तिने रक्ताने माखलेला नांगर पाहिला आणि रागाच्या भरात शेतकऱ्याच्या घरातील सर्वांना दंश केला. मग ती परगावी दिलेल्या त्याच्या मुलीकडे गेली. ती मुलगी पाटावर नागांची चित्रे काढून मनोभावे पूजा करीत होती. ते पाहून नागिणीचा राग ओसरला. तिने मुलीला अमृत दिले, आणि त्या अमृताने मुलीच्या माहेरची सारी माणसे उठून बसली.

येथे क्षणभर थांबून पाहावे. माणसे उठली, पण पिलांचे काय झाले? प्रचलित कहाणीत ती परत येत नाहीत. नागिणीजवळ अमृत होते, तरी ते तिने आपल्या पिलांच्या मुखात घातल्याचे कहाणी सांगत नाही. साऱ्या घरात आनंदीआनंद होतो आणि वारूळ मात्र फुटलेलेच राहते. त्या पिलांसाठी कहाणी एकच गोष्ट करते. मुलगी बापाला सांगते, की दुसरे काही जमले नाही, तरी या दिवशी जमीन खणू नये. कोकणातील पुष्कळ घरांत हा नियम अजून पाळतात. त्या दिवशी नांगर धरीत नाहीत, विळीवर काही चिरीत नाहीत. अमृताची जादू माणसांच्या वाट्याला आली. मुक्या जिवांच्या वाट्याला वर्षातून एक दिवस नांगराची विश्रांती आली. ऐकणाऱ्याचे मन सहसा अमृतात गुंतून राहते, आणि कहाणीतील खरी मोलाची वस्तू तशीच मागे राहून जाते.

वसुबारसेची कहाणी हिचीच बहीण म्हणावी लागेल. शेतावर जाताना सासू सुनेला गहू-मूग शिजवून ठेवण्यास सांगते. गोठ्यातील वासरांची नावेही गव्हाळी-मुगाळी अशीच असतात. सून नवी, अजाण. ती शब्दाचा भलताच अर्थ घेते आणि वासरे जिवानिशी जातात. सासू सुनेला दूषण देत नाही, देवापुढे धरणे धरून बसते. संध्याकाळी गाई हंबरत परततात आणि वासरे उड्या मारीत त्यांना लुचू लागतात. ही वासरे तेवढी भाग्यवान!

या दोन्ही कहाण्यांत दुष्ट असा कोणीही नाही. शेतकरी क्रूर नव्हता, तो आपले नित्याचे काम करीत होता. सुनेच्या मनात कपट नव्हते. दोघांच्या हातून जीव गेले ते नेमके ठाऊक नसल्यामुळे. राक्षसाच्या गोष्टी ऐकणे त्या मानाने सोपे असते, कारण ऐकणारा स्वतःला कधीच राक्षस समजत नाही. या कहाण्या अवघड आहेत. त्यांतील शेतकऱ्याच्या जागी कोणीही चांगला माणूस असू शकतो.

नागाविषयीची माहिती पाहिली, तर ही कहाणी निसर्गाला फारशी सोडून नाही. नागाची मादी साधारणपणे एप्रिल ते जुलै या काळात अंडी घालते, आणि ती बहुधा उंदरांच्या बिळात किंवा वारुळात. सुमारे दोन महिन्यांनी पिले बाहेर येतात. म्हणजे शेतात नांगर फिरू लागतो, त्याच सुमारास जमिनीखाली अंडी असतात. नाग दूध पितो, ही गोष्ट मात्र खरी नाही. तो उंदीर, बेडूक यांवर जगतो. कहाणीतील नागीण दूध पिते, तशी ती बोलतेही. पण खऱ्या नागाशी गप्पा मारण्यास कोणी जात नाही. दूध तेवढे त्याच्यापुढे ठेवतात! कहाणीतील मुलीने तर नाग टोपलीत धरून आणविलाही नव्हता. तिने त्याचे चित्र काढले होते. गारुड्याची टोपली आणि तिचा पाट यांत हाच मोठा फरक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे हा गुन्हा ठरला. त्या मुलीला तो कायदा ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

माणसांसाठीचे अमृत पुढे खरोखरच निघाले, आणि तेही सापाच्या विषापासूनच. घोड्याला सापाचे विष अगदी अल्प प्रमाणात, हळूहळू वाढवीत टोचतात. त्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात आणि त्यांपासून सर्पदंशावरचे औषध बनवितात. १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी मुंबईत स्थापन झालेल्या आणि आज हाफकिन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे नाव या औषधाशी अनेक दशके जोडलेले आहे. साप चावलेल्या माणसाला मांत्रिकाकडे न नेता तडक रुग्णालयात नेले, तर त्याचे प्राण वाचू शकतात. कहाणीप्रमाणेच येथेही अमृत माणसाला मिळाले. त्यात घोड्याचे देणे किती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आता पिलांची बाजू. रोह्याच्या दक्षिणेस, रायगड जिल्ह्यातच म्हसळा तालुक्यात चिरगाव आहे. तेथील उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडे घरटी करतात. एके काळी हा पक्षी भारतात सर्वत्र होता. १९९० नंतरच्या सुमारे पंधरा वर्षांत शंभरातील नव्याण्णवांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली. कोणी शिकारी त्यांच्या मागे लागला नव्हता. गाई-बैलांचे अंग दुखले, सांधे सुजले, की त्यांना आराम पडावा म्हणून डायक्लोफेनॅक नावाचे औषध देत असत. ते जनावर मेले आणि गिधाडांनी त्याचे मांस खाल्ले, की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. ही गोष्ट २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध उपलब्ध होते.

येथे तर हातून घडले ते दयेपोटीच घडले. बैलाचे दुखणे पाहवले नाही, म्हणून मालकाने पदरचे पैसे खर्चून औषध आणले. त्याला कठोर म्हणणारा मनुष्य स्वतःच कठोर ठरेल. परंतु बैलावरची माया त्या एका बैलापाशी थांबली. बैल मेल्यावर तो कोणाचे अन्न होतो, इथवर ती पोहोचली नाही. पोहोचण्यासाठी मायेबरोबर माहिती लागते, आणि ती तेव्हा कोणाजवळच नव्हती.

चिरगावला गिधाडांची उपासमार होऊ नये म्हणून मेलेली जनावरे रानात नेऊन ठेवण्याचा उपक्रम झाला. अशा जनावराला मरण्यापूर्वी कोणते औषध दिले होते, हे आधी विचारून घ्यावे लागते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. त्यातून निघालेले पिलू स्वतः घरटे करण्याजोगे होईपर्यंत चार-पाच पावसाळे जातात.